फणसाची गिटार

भोरमध्ये युनूसभाईंचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. तिथं दोन गोष्टी साठत जायच्या. एक म्हणजे लोकांनी दुरुस्तीला टाकलेले आणि परत न नेलेले टेप, आणि दुसरी म्हणजे किस्से. टेप निदान फळीवर गप्प बसायचे. किस्से आमच्याबरोबर बाहेर पडायचे आणि पुढच्या चहाला थोडे फुगून परत यायचे!

आमची बँजो पार्टी होती. वरात, गणपती, जत्रा, काहीही असो, टेम्पोवर स्पीकर चढवायचे आणि सुटायचं. बँजो माझ्याकडे, अँप्लिफायर युनूसभाईंकडे. मोबाईल नुकते कुठे लोकांच्या खिशात दिसायला लागले होते, तेव्हाच्या या गोष्टी. त्यातही एका गिटारीनं आम्हाला जेवढे किस्से दिले, तेवढे सगळ्या वरातींनी मिळून दिले नसतील.

*

गिटार हिराभाऊंची. हिराभाऊ गुंजवण्याचे. तरुणपणी पुण्यात एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. तयार गिटार घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी ती जमेल तशी जोडून घेतली होती. मान कुठल्यातरी मोडक्या जर्मन गिटारीची. तारांचा आवाज पकडणारी कॉइल, म्हणजे पिकअप, जपानी. चाव्या मेंडोलिनच्या. आणि धड भाटघरच्या एका सुतारानं फणसाच्या लाकडातून कापून दिलेलं!

कुणी "कुठल्या कंपनीची?" असं विचारलं की हिराभाऊ शांतपणे सांगायचे, "एकत्र कुटुंब हाय."

पुढे ऑर्केस्ट्रा बंद पडला, कॉइल जळाली, गिटार मुकी झाली. मग धरणात घर गेलं आणि हिराभाऊ बायकोला घेऊन भोरला भाड्याच्या खोलीत आले. सकाळी चहा झाला की ते युनूसभाईंच्या दुकानात येऊन बसायचे, ते जेवायलाच उठायचे.

एकदा आले ते चहाही न घेता बसून राहिले. आदल्या दिवशी हौसाकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. एक कान गेलेलाच होता. दुसराही जाणार, असं डॉक्टरनं सांगितलं.

युनूसभाई म्हणाले, "भाऊ, मशीन मिळतं की कानाचं."

"ते न्हाई रं. मी पुण्यात वाजवायचो तवा ही गावाला. गावात लाईट न्हाई. घरी आलो की गिटार मुकीच. हिनं मला वाजवताना बघितलंय युनूस, ऐकलं न्हाई."

युनूसभाईंनी हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवली आणि विचारलं, "गिटार कुठं हाय?"

*

गिटार डोंगरावरच्या धनगरवाड्यात कोंडाबाईंकडे होती. घर रिकामं करताना हिराभाऊंनीच ती तिथं ठेवायला दिली होती. मी आणि युनूसभाई वर पोचलो आणि बघतो तर काय, शेळ्यांच्या वाड्याच्या फाटकाला गिटार आडवी घातलेली. अडसर म्हणून!

कोंडाबाई म्हणाल्या, "लाकूड लई चांगलं हाय. वाघरू आलं तरी हालायचं न्हाई."

आवाज कमी-जास्त करायचं बटण कुठं दिसेना. मी विचारलं. त्यांनी काठीनं एक बोकड दाखवला.

"त्यानं खाल्लं."

गिटार द्यायला त्यांची ना नव्हती. फक्त अडसराच्या जागी दुसरा अडसर पाहिजे, नाहीतर संध्याकाळी शेळ्या कोंडायच्या कशा? मुद्दा बरोबरच होता. युनूसभाई खाली गेले आणि टेम्पोतून आमचा माईकचा स्टँड घेऊन आले. तो असा चपखल बसला की कोंडाबाई खूश! पुढच्या वरातीत आमचा गायक माईक हातात धरून गायला आणि लोकांना वाटलं, नवीन स्टाईल आहे.

*

टेम्पोला लगेच दुसरं भाडं होतं, म्हणून मी गिटार घेऊन एसटीनं निघालो. कंडक्टरनं मला अडवलं.

"हे काय?"

"गिटार."

त्यानं ती खालून वर पाहिली. तिला शेळ्यांचा वास येत होता, एकही तार धड नव्हती.

"वाजवून दाखव."

"करंट लागतो हिला."

"मग तोवर लाकूड," तो म्हणाला, "आणि लाकूड टपावर!"

टपावर एक पिंजराभर कोंबड्या होत्या. भोरला उतरवून घेतली तेव्हा गिटार आणखी थोडी रंगली होती.

*

जळालेली कॉइल पुन्हा गुंडाळायची कुणी? युनूसभाईंची नजर अधू, इतकी बारीक तार त्यांना दिसायची नाही. ते म्हणाले, "वरव्याला दत्तोबा हाय." दत्तोबा विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करायचा. अख्ख्या पट्ट्यातल्या पाण्याच्या मोटारी त्याच्याच हाताखालून जायच्या.

दत्तोबानं पिकअप तळहातावर घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं,

"किती एचपी?"

आम्ही त्याला समजावलं. त्यानं मान हलवली, पण पटल्याचं काही तोंडावर दिसत नव्हतं. तरी केसासारखी तार शोधून आणली आणि श्वास रोखून गुंडाळली. मग सवयीनं, मोटारीच्या कॉइलला करतो तसं, तिला व्हार्निशमध्ये बुडवलं आणि भट्टीत भाजायला ठेवलं! युनूसभाई तोपर्यंत चहाला गेले होते. परत येऊन बघतात तर पिकअप मोटारींच्या रांगेत शेकत बसलेला. त्यांनी कपाळाला हात लावला.

दत्तोबा म्हणाला, "आता पावसात भिजली तरी काय होत न्हाई."

खरं सांगायचं तर त्या व्हार्निशमुळे गिटारीनं पुढे कधी शिट्टी मारली नाही. आमच्या बँजोचा पिकअप मोठ्या आवाजाला कायम शिट्ट्या मारायचा. दत्तोबानं पिकअपला हळदकुंकू लावलं, माझ्या हातात दिला आणि वर बजावलं,

"फकस्त कोरडी चालवू नका."

*

तारा पुण्याहून आणल्या. बटण जुन्या टेपचं बसवलं. वायरी जोडून झाल्या आणि सगळे दुकानात जमलो. हिराभाऊ पांढरा शर्ट घालून आले होते. युनूसभाईंनी बिस्मिल्ला म्हणून स्विच दाबला. हिराभाऊंनी हात उचलला आणि तार छेडायच्या आधीच स्पीकरमधून खणखणीत आवाज आला,

"...कांद्याची आवक वाढल्यामुळे..."

कुठलीतरी वायर अर्थिंगला नीट टेकली नव्हती आणि गिटारीनं थेट रेडिओ पकडला होता! बटाटा झाला, टोमॅटो झाला. युनूसभाई टेबलाखाली शिरून वायरी चाचपत होते आणि बाहेर दोन शेतकरी भाव ऐकायला थांबले होते.

हिराभाऊ गिटारीकडे बघत म्हणाले, "इतक्या वर्सांनी बोलली, आन् कांद्याचं बोलली."

*

काकूंना यातलं काही सांगायचं नाही, असं ठरलं होतं. पण हिराभाऊ दिवसभर घराबाहेर, बोटांना घट्टे पडलेले, संध्याकाळी कसलीतरी चाल पुटपुटत बसणार. काकूंनी एके दिवशी गाठलंच. स्वतःला कमी ऐकू येतं म्हणून त्या मोठ्यानं बोलायच्या, त्यामुळे भांडण अख्ख्या आळीनं ऐकलं.

"दिवसभर काय करता तिथं?"

"रेडिओ दुरुस्त करतोय."

"आपल्याकडं रेडिओ न्हाई!"

हिराभाऊ दुकानात येऊन म्हणाले, "युनूस, रविवारी आणतो तिला. आता लपत न्हाई."

*

रविवारी दुपारी हिराभाऊ काकूंना घेऊन आले. आम्ही टेम्पोवरचे दोन्ही मोठे स्पीकर दुकानात आणून ठेवले होते. काकूंना बरोबर समोर बसवलं, चांगला कान स्पीकरकडे येईल असं बघून. काकूंनी गिटार ओळखली. "शेळ्यांकडनं आणली व्हय," एवढंच म्हणाल्या.

हिराभाऊंनी सुरुवात केली. मी कितीतरी वर्षं बँजो बडवतोय, पण इतकं गोड वाजवणारा माणूस रोज आपल्याशेजारी बसून चहा पितो, हे मला ठाऊकच नव्हतं. फळीवरचे टेप थरथरत होते. समोरचा शिंपी मशीन थांबवून दारात आला. हिराभाऊंनी डोळे मिटले होते, कपाळावर घाम होता. काकू मांडीवर हात ठेवून सरळ बसल्या होत्या.

वाजवून संपलं. कुणी टाळी वाजवली नाही, सगळे काकूंकडे बघत होते.

"ऐकू आलं का?" हिराभाऊंनी मोठ्यानं विचारलं.

"आलं की. चांगलं वाजिवलं." त्यांनी गिटारीकडे बोट केलं. "पर ही न्हवं."

हिराभाऊंचा चेहरा उतरला. मला इतकं वाईट वाटलं की मी खाली बघायला लागलो. युनूसभाई घाईघाईनं म्हणाले, "काकू, हीच ती. फकस्त कॉइल नवी केली."

"ती वायर काढा," काकू म्हणाल्या.

युनूसभाईंनी हिराभाऊंकडे पाहिलं आणि वायर उपसली. काकूंनी आपलं स्टूल ओढत हिराभाऊंच्या अगदी शेजारी नेलं. डोक्यावरचा पदर मागे सारला. वाकून फणसाच्या लाकडावर कान टेकवला, तोही गेलेला कान, आणि हिराभाऊंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आता वाजवा."

हिराभाऊ वाजवायला लागले. आम्ही हातभर अंतरावर उभे होतो, तरी आम्हाला बारीक टिंगटिंग सोडलं तर काही ऐकू येत नव्हतं. शिंपी दारातून विचारत होता, "बंद पडली का?"

काकूंनी डोळे मिटून घेतले होते.

"व्हय," त्या म्हणाल्या. "हीच. गावाकडं वाजायची ती."

हिराभाऊंचा हात थांबला.

काकूंनी डोकं उचललं नाही. "थांबला कशापायी?"