चांगुणाबाईंनी धुतलेली नळी

स्नेहल पाथर्डीकडच्या ऊसतोड्यांची पोर. नगरच्या एका कॉलेजात पीएचडीसाठी ती हवेतल्या रॅडिकलांचा वेग मोजायची. रॅडिकल म्हणजे क्षणभर जगणारे, वखवखलेले कण. भेटेल त्या धुराला खातात. किती झपाट्याने खातात, एवढंच तिला हवं होतं, कारण पेटलेल्या पाचटाच्या धुरात तिची आई चांगुणा हयात घालवत होती. पण हे कण नुसत्या काचेला शिवले तरी मरतात. म्हणून काचेच्या नळीला आतून मेणाचा पातळ थर द्यायचा, आणि तरीही काचेवर मरतील ते मोजून वजा करायचे.

खंडेनवमीला चांगुणाबाई कोयता पुजून थेट प्रयोगशाळेत आल्या. लेकीचं हत्यार पुजायला नको? स्नेहल झेंडू आणायला खाली गेली. नळी यंत्रावर चढवायची बाकी होती. बाईंनी आत बोट घालून पाहिलं, चिकट लागलं. सोड्याच्या गरम पाण्याने घासून लख्ख केली. पारोशा हत्याराची पूजा करतात होय? स्नेहल परतली तेव्हा नळीला हळदकुंकू लागलं होतं आणि आईला जीप गाठायची घाई होती.

तिच्या मार्गदर्शक सरांना लेख दिवाळीआधी धाडायचा होता. घाईत स्नेहलने काचेवर मरणारे कण पुन्हा मोजलेच नाहीत, जुना आकडा वजा केला. मग काय, मेण गेल्याने काचेवर जास्तीचे मेलेले कणही धुराच्या नावावर चढले; काचेचं पाप धुराच्या पुण्यात जमा झालं. वेग दुप्पट! सर हरखले, लेख छापला, पेपरात बातमी आली: पाचटाचा धूर हवेत चटकन विरतो.

संक्रांतीनंतर शंका आली म्हणून तिने काचेवर मरणारे कण मोजून पाहिले, तर आकडा कितीतरी वाढलेला निघाला. आईला फोन केला.

"आये, नळी धुतली हुतीस का?"

"व्हय, मंग? लई मेणचट हुती."

तिने सगळं सांगितल्यावर सरांनी दार लावून घेतलं. "चूक छापायची तर कारणही छापावं लागेल. आईने घासली असं लिहू? तुझी पदवी जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची, स्नेहल."

पदवी मिळाली की नोकरी, नोकरी लागली की आईचा कोयता सुटणार, हे तिने स्वतःला समजावलं आणि तोंड शिवलं. स्वतःचीच किळस आली तिला.

शिमग्याच्या सुमारास उसाच्या फडावरून आईचा फोन आला. खोकत खोकतच बोलत होती. "मी तोंडाला फडकं बांधायचं सोडलं बग. मुकादम हासतो. म्हनतो, तुजीच लेक लिव्हती, धुरानं काय हुत न्हाई."

"बांध गं आये."

"का? तूच लिव्हलंय न्हवं?"

स्नेहलने फोन ठेवून दिला.