काकूंची जलकुंभी

आमच्या बॉटनी लॅबमधले किस्से लिहून काढायचे असं दरवर्षी ठरतं, आणि तोवर नवे चार उगवतात. आता बापट सर रिटायर होऊन मुलाकडे पुण्याला गेलेत. त्यांची फार आठवण येते, म्हणून आम्ही तेच तेच किस्से पुन्हा सांगत बसतो.

सरांचा वैरी एकच, बाहेरून येऊन पसरणारं तण! एका समारंभात त्यांना पुष्पगुच्छ मिळाला. लोक टाळ्या वाजवताहेत आणि सर त्यातली बारीक पांढरी फुलं निरखताहेत. शेवटी माइकवर म्हणाले, "आभारी आहे. हे गाजरगवत आहे. एका झाडाला हजारो बिया येतात. कुणी हलू नका!"

सर्व्हेहून परतताना जीपमध्ये चढण्याआधी बूट-मोजे ब्रशने झाडायचे, हा त्यांचा नियम. चिखलाबरोबर बी गावोगाव जातं ना! मंडीदीपच्या रस्त्यावर ड्रायव्हर सलीमभाई वैतागले, "सर, इतनी तलाशी तो मेरे ससुर ने भी नहीं ली थी!"

एकदा मात्र आम्हीच माती खाल्ली. बेशरम नावाच्या तणाची झुडपं तोडून प्लॉट आखायचा होता. खुंट्या नव्हत्या, म्हणून तोडलेल्या बेशरमच्याच काड्या रोवल्या. पंधरा दिवसांनी सर बघायला आले, तर प्रत्येक खुंटीला पालवी! सर म्हणाले, "हिला पसरायला बीसुद्धा नको. तुमच्यासारखे रिसर्चर पुरे!"

आणि याच सरांच्या गोविंदपुऱ्यातल्या क्वार्टरमागे, टबात, जलकुंभी, म्हणजे तळीच्या तळी गिळणारी जलपर्णी, होती! लग्न होऊन ग्वाल्हेरहून आलेल्या काकूंनी जांभळी फुलं आवडली म्हणून तळ्यातून आणलेली. काकू गेल्यावर सर दर रविवारी टबाशी बसायचे. रोपाला फुटलेली पिल्लं तोडायचे, बी धरण्याआधी फूल कापायचे, मूळ रोप तेवढं राखायचे. "तिचं एवढंच उरलंय गं," एकदा मला म्हणाले.

क्वार्टर सोडायच्या दिवशी मी म्हटलं, "सर, टब मी नेते. सांभाळीन."

"आणि तुझी बदली झाली की? एक पिल्लू सुटलं तरी तळं भरतं."

त्यांनी स्वतःच रोप उचललं आणि सिमेंटच्या ओट्यावर वाळायला ठेवलं. मे महिन्यातली दुपार. आम्ही टेम्पोत सामान चढवायला गेलो.

परत येऊन बघतो तर सर ओट्यावर बसलेले. हातात उघडी छत्री. स्वतः उन्हात, आणि छत्री रोपावर धरलेली.