श्री लिहिलेले तीन अर्ज

रुखमा पंचांकडून तिसऱ्यांदा हात हलवत परत आली, तेव्हा मी बाळंतिणींच्या चादरी उकळत होते. आरमोरीच्या दवाखान्यात मी आया. चौथी पास म्हणून बायकांचे अर्ज लिहिण्याचं कामही माझ्याच गळ्यात.

रुखमाचा नवरा तलावात बुडाला. तिच्या गावात ढिवर एकत्र जाळी टाकतात आणि मासळीचा घरटी एक वाटा होतो. पंचांनी तिचा वाटा दिराला देऊन टाकला. घरात पुरुष नाही, मग वाटा कशाला, हे त्यांचं शहाणपण. म्हणजे बाळाला घेऊन तिनं जन्मभर दिराच्या दारात राबायचं.

दवाखान्याच्या फेरीत तिच्या गावी गेले, तेव्हा मुख्य पंचाला, गोविंदाभाऊंना, मी तिच्यासाठी लिहिलेल्या तीन अर्जांचं विचारलं.

"फेकले नाई ना बाई. वर श्री लिवलं हाये. देव्हाऱ्यात ठेवले."

"वाचले?"

"वाचाले टाइम कोणाले हाये?"

हे मी आमच्या नर्सबाईंना सांगितलं. त्या कोकणातल्या, धर्मानं यहुदी. त्या म्हणाल्या, फार पूर्वी मिसर म्हणजे इजिप्त देशात, सुलतानाच्या राज्यात, त्यांचे लोकही देवाचं नाव असलेला कागद फेकत नसत. प्रार्थनाघराच्या एका खोलीत साठवत. पण विधवेचं किंवा परगावच्या आजाऱ्याचं पत्र आलं, तर आधी सगळ्यांसमोर वाचत आणि मदत गोळा करत. कुणी दाद दिली नाही, तर गाऱ्हाणं ऐकेपर्यंत गरीब माणूस चालू प्रार्थना थांबवू शके.

"तुमच्याकडे काय थांबवता येतं?" बाईंनी विचारलं.

ते मी रुखमाला सांगितलं. शुक्रवारी मातामायच्या देवळात रुखमा आरतीचं ताट मांडीवर घेऊन बसली, शेजारी मी.

"काऊन अडवून राह्यली?" गोविंदाभाऊ ओरडले.

"मले वाचता येत नाई. ह्या बाई वाचतीन. आयका, मंग ताट घ्या."

चार माणसांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. खाली मान घालून पुन्हा लिहून आणलेला तिचा अर्ज वाचला. मागच्यांना ऐकू गेला नाही, म्हणून पुन्हा वाचावा लागला.

वाटा मिळाला. न्याय कुणाला आठवला नव्हता, प्रसादाचा शिरा थंड होत होता. वाटा आपणच मिळवून दिला, असं गोविंदाभाऊ पुढे गावभर सांगत फिरले.

अर्जावर श्री लिहिणं मी तेव्हापासून बंद केलं. आमच्या पंचांच्या हातात देवाचं नाव पडलं, की खालचा माणूस त्यांना दिसत नाही.