चिरलेल्या नळ्या

नागपुरातल्या इंदोऱ्याचे आनंदराव गजभिये तापट म्हणूनच ओळखले जात. ते तसे काहून झाले, हे थोड्यांनाच ठाऊक होतं.

सत्तरच्या दशकात ते समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात, नियंत्रण कक्षात होते. दुरुस्तीनंतर अणुभट्टी सुरू झाली, तेव्हा त्यांचे वरिष्ठ देवस्थळे यांना पूर्ण वीज लगेच हवी होती.

"साहेब, हळूहळू चढवू," आनंदराव म्हणाले. "इंधनाच्या नळ्यांतल्या युरेनियमच्या गोळ्या तापून फुगतात. घाई केली तर आतून रेटा बसून नळी चिरते."

"गिरण्या खोळंबल्यात. चढवा."

आनंदराव खुर्चीवरून उठले. देवस्थळ्यांनी दुसऱ्याला तिथं बसवलं.

संध्याकाळपर्यंत चिमणीकडे जाणाऱ्या वायूतला किरणोत्सार वाढू लागला. नळ्या चिरल्या होत्या. आत कोंडलेलं विष भट्टीच्या पाण्यात उतरत होतं. तरी भट्टी चालूच ठेवली. पुढे ते पाणी पंपांच्या खोलीत सांडलं, तेव्हा फडकी देऊन ठेक्यावरचे मजूर आत पाठवले. नुसतं पाणी आहे, असं त्यांना सांगितलं.

चौकशीत ठरलं की नळ्या मुळातच कच्च्या होत्या. "पक्क्या होत्या. तुम्ही फोडल्या," आनंदराव देवस्थळ्यांच्या तोंडावर म्हणाले. शिक्षा म्हणून आनंदरावांना भांडारात बसवलं. नोकरी सोडून ते नागपूरला आले आणि कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले.

"झालं गेलं ना. अजून काहून जळून राहिले?" त्यांची बायको सुमती विचारायची.

"त्या मजुरांले पुढं काय झालं, कोणी विचारलं का वं? मले ते सहन होत नाही."

काही वर्षांनी देवस्थळेच कॉलेजात व्याख्यानाला आले. इंधन निकामी का होतं, असं एका मुलीनं विचारलं.

"कारखान्यातली चूक," ते म्हणाले. "नळीत ओल राहते, जोड कच्चा राहतो."

"तसंही होतं," आनंदराव उभे राहिले. "पण तुमच्या हुकुमानंही होतं."

प्राचार्यांनी खाली बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. भरल्या सभागृहाला त्यांनी सगळं सांगितलं, मजुरांच्या फडक्यांसकट.

फाटकाशी देवस्थळ्यांनी त्यांना गाठलं. "माझ्यावर वरून दबाव होता, गजभिये."

"ते पाणी विषारी आहे, एवढं तरी मजुरांना सांगायचं होतं," आनंदराव म्हणाले, आणि पुढं केलेला हात त्यांनी घेतला नाही.

प्राचार्यांनी आनंदरावांना माफी मागायला सांगितलं. त्यांनी मागितली नाही. बढती गेली. दरवर्षी नळ्या चिरण्याचा तो धडा मात्र ते शिकवत राहिले, आणि शिकवताना त्यांचा आवाज चढायचाच.