सिनेमातला टांगेवाला

आमच्या गावच्या दूध संस्थेची वार्षिक सभा झाली की चेअरमन केजहून मशीन मागवायचे आणि शाळेच्या मैदानात सिनेमा दाखवायचे. मी सातवीत असताना त्यांनी एक जुना हिंदी सिनेमा आणला. काळापांढरा, एका गाजलेल्या कादंबरीवरून काढलेला, निम्म्याहून जास्त कोर्टातच घडणारा. एका मोलकरणीवर मालकिणीला विष घातल्याचा आळ येतो. खरा गुन्हेगार मालकिणीचा दीर. एका टांगेवाल्यानं ते पाहिलेलं असतं, पण तो भीतीनं गप्प बसतो. निकालाच्या दिवशी मात्र तो कोर्टाचं दार ढकलून आत येतो आणि सगळं सांगून टाकतो. मोलकरीण सुटते.

सगळं मैदान रडलं. चेअरमन उपरण्यानं डोळे पुसत होते. कडेला बसलेल्या आमच्या बौद्धवाड्यातल्या बायकाही रडल्या. ज्याच्या शेतात आई खुरपायला जायची तो शेतकरी तर हुंदके देत होता. भला माणूस. आईला आक्का म्हणायचा.

पुढच्या उन्हाळ्यात गावात टँकर सुरू झाला. टँकरचं पाणी विहिरीत सोडायचे आणि ज्यानं त्यानं शेंदून घ्यायचं. एका सकाळी आईनं पोहरा सोडला, तर चेअरमनच्या पुतण्यानं तिच्या हातातला दोर हिसकला. जातीवरून शिव्या दिल्या आणि तिला ढकललं. ती काठाच्या दगडावर पडली. मनगट मोडलं. तो शेतकरी शेजारीच पाणी शेंदत होता. त्यानंच आईला उठवून दवाखान्यात नेलं.

घरात सगळे म्हणत होते, मिटवून टाका. आई ऐकेना.

"कोर्टात सांगू की. शिनेमात बघितलं न्हाई का तुमी?"

शेतकरी घरी येऊन म्हणाला, "आक्का, म्या डोळ्यानं पायलंय. मी सांगतो. लई माजलाय त्यो."

केस लांबत गेली. साक्षीची तारीख लागली तोवर दुसरा दुष्काळ आला होता. रानात काडी उरली नव्हती. गावाबाहेर जनावरांची छावणी उघडली होती, आणि ती चालवत होती चेअरमनची दूध संस्थाच. कुणाच्या जनावराला चारा द्यायचा, कुणाचं दावं सोडून बाहेर काढायचं, हे तेच ठरवायचे.

मी तेव्हा अकरावीत होते. कोर्टात आईच्या शेजारी बसले होते. आईला उलटतपासणीत विचारलं, "पाय घसरून पडलात ना?" ती म्हणाली, "न्हाई. ढकललं." तिला वाटलं, आता पुढचं तो सांगेल.

शेतकऱ्याचं नाव पुकारलं. तो उभा राहिला, जमिनीकडं बघत राहिला.

"मी त्या दिवशी गावात नव्हतो. मला काई ठावं न्हाई."

सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं सांगितलं. त्यांचा आवाज असा होता की हे वाक्य त्यांच्या तोंडात रोजचंच असावं.

परतीच्या एसटीत तो आमच्या पुढच्या बाकावर होता. बऱ्याच वेळानं मान वळवून म्हणाला, "आक्का, माजी बैलं छावणीत हायती."

आई म्हणाली, "जगव बैलं. पन आजपासून मला आक्का म्हनू नको."

पुतण्या सुटला. चौकात फटाके वाजले. आईचं मनगट वाकडंच जुळलं, भाकरी थापताना ती आजही कोपरापासून हात फिरवते. शेतकऱ्याची बैलं दुष्काळातून वाचली. पुढं त्यानं ती बाजारात विकून टाकली, आणि तो आमच्या दारावरून जाणं टाळत राहिला. आई त्याच्या शेतात पुन्हा कधी गेली नाही.

मी शिकले, प्राध्यापक झाले. त्या सिनेमाची मूळ कादंबरी मला कॉलेजच्या ग्रंथालयात भेटली. एका बैठकीत वाचली आणि सुन्न झाले. कादंबरीत टांगेवाला कोर्टात येतच नाही. तो टांगा घेऊन दुसऱ्या गावाला निघून जातो, आणि मोलकरणीला फाशी होते. कोर्टाचं दार ढकलून येणारा माणूस सिनेमावाल्यांनी पदरचा घातला होता.

परवा दुपारी टीव्हीवर तोच सिनेमा लागला. आई माझ्या शेजारी बसून बघत होती. टांगेवाला आत आला, हात जोडून बोलू लागला. आई एकदम म्हणाली, "ह्येच्या घोड्याला दाना कोन देतं?"

"ते दाखवलं नाही."

"मग बोलंलच की त्यो."

मी तिला पुस्तकातला शेवट सांगितला.

"लिव्हनाऱ्याला ठाऊक हुतं म्हनायचं. मग ह्येनी कावून बदललं?"

"लोकांना घरी जाताना बरं वाटावं म्हणून."

"बंद कर," आई म्हणाली आणि आत निघून गेली.

मी बंद केला नाही. वकिलाचं लांबलचक भाषण ऐकलं. ती मोलकरीण कोर्टाच्या पायऱ्या उतरून उन्हात आली, तेव्हा मला रडू आलं. मग त्या रडण्याचाच असा संताप आला, की कितीतरी वेळ आईसमोर जायची हिंमत झाली नाही.