तळघराचं वेगळं दार

माझ्याच स्वयंपाकघरातला जिना मी माझ्याच हुकमाने विटा लावून बुजवून घेतला, आणि बुजवणाऱ्या मिस्त्रींना आल्याचा चहा पाजला. दोनदा. एवढा मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही. केला असेल तर तो आठवत नाही, या वयात तेवढी सवलत असते.

सहा-सात वर्षं झाली असतील. तेव्हा मी जेमतेम पासष्टची, म्हणजे कोवळीच. शाळेतून निवृत्त झालेली, पण शिस्तीची खोड काही निवृत्त झाली नव्हती. ती बाई आज भेटली तर मी तिला वर्गाबाहेर उभी करीन.

आमचं घर लातूरला. बांधताना यांनी हौसेने तळघर काढलं होतं. उन्हाळ्याच्या दुपारी सतरंजी टाकून तिथे पेपर वाचत पडायचे. हे गेले, मुलगा पुण्याला स्थिरावला, आणि तळघरात नुसता गारवा उरला. मग मी ते मुलींना राहायला दिलं. डॉक्टर व्हायचं म्हणून गावोगावच्या मुली लातूरला क्लासेसना येतात, त्यांतल्या तिघी माझ्या वाट्याला आल्या. एक लोह्याची, एक उदगीरची, एक कंधारची. पहिल्या दोघी गरीब स्वभावाच्या. कंधारचीचं तोंड मात्र झोपेतही बंद नसावं.

तळघरात उतरायचा जिना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. त्यामुळे तिघींची सगळी ये-जा माझ्या घरातून. पुढच्या दारात चपला, बैठकीत दप्तरं, आणि स्वयंपाकघरातून जाताना कंधारची कढईवरचं झाकण उचलल्याशिवाय पुढे सरकत नसे.

“काय शिजायलंय, आजी?”

“तुझं डोकं.”

“मग मीठ कमी टाका.”

बाहेर पडताना तिघी “येतो, आजी” म्हणायच्या. मी टीव्हीवरची नजर न काढता “हं” म्हणायची. केवढा तो तोरा!

एके दुपारी माझा नुकता डोळा लागला होता. कंधारचीने भरली वांगी चाखायला झाकण उचललं, हाताला चटका बसला, झाकण फरशीवर पडलं आणि गरगर फिरत राहिलं. तिघी हसत सुटल्या. मी उठून बसले आणि त्याच संध्याकाळी मिस्त्रींना फोन केला. तळघराला बाहेरून वेगळं दार हवं.

मिस्त्री आले, घर आणि कंपाउंडच्या मधल्या बोळात उभे राहिले. “काळी माती हाय, बाई. पाणी धरती. पायऱ्यांच्या बाजूनं भिंत पक्की घ्यावी लागंल, खाली पाण्याला वाट काढावी लागंल.” बोळातला कढीपत्ता आड येत होता, तो तोडला. यांनी लावलेला होता. खड्डा खणला, शहाबादी फरशीच्या पायऱ्या झाल्या, कटर लावून भिंत कापली. आठवडाभर माझ्या चहातसुद्धा सिमेंट होतं. चौकट बसवली त्या दिवशी मी तिला हळदकुंकू लावलं, आंब्याची पानं बांधली, नारळ फोडला. वर एक बेल बसवून घेतली. मुलींच्या डबेवाल्या मावशींनी माझी बेल वाजवू नये, म्हणून.

शेवटी मिस्त्री स्वयंपाकघरात आले. “आतला जिना कामून बुजवायलाव? राहू द्या की. कडी लावून टाका.”

“कडी लावली की ठोठावतात.”

“मग उघडा की.”

गृहपाठ न आणलेल्या मुलाकडे पाहावं तशी मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी गुपचूप विटा भिजत घातल्या.

मुलींना मी स्वच्छ शब्दांत सांगितलं, “आता इकडून यायचं नाही. माझी झोपमोड होते.” त्यांनी माना डोलावल्या. कंधारचीनेसुद्धा. मी विजयी.

पहिले दोन दिवस छान झोपले. तिसऱ्या दिवशी दुपारी झोपच येईना. मोडायलाच कोणी नव्हतं. भाजीवर झाकण ठेवायची ते रात्री मीच उचलायची. एकटीपुरती भाजी करायला हात बसत नव्हता, उरलेली मोलकरणीला द्यायची. पुढच्या दारात एकच चपलांचा जोड दिसायचा, तोही सरळ ठेवलेला.

मग मी भाजी निवडायला जिना बुजवलेल्या त्या भिंतीपाशी बसू लागले. पलीकडून आवाज यायचे, शब्द कळायचे नाहीत. सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी स्टीलचा पेला भिंतीला लावून त्याला कान लावायची. तीस वर्षं मुलांना चोरून ऐकू नका म्हणून सांगणारी मास्तरीण! त्या पेल्यातून मला मूत्रपिंडाचे सगळे भाग पाठ झाले. आणि एकदा उदगीरची रडत होती तेही ऐकू आलं. ती का रडते हे विचारायला जावं, तर ऐकलं कसं ते सांगावं लागलं असतं. गेले नाही.

उन्हाळ्यात त्यांची परीक्षा आली. सेंटर नांदेडचं, माझ्या माहेरचं. आदल्या संध्याकाळी मी दही विरजलं. परीक्षेला निघणाऱ्याच्या हातावर घरातल्या मोठ्या माणसाने दही-साखर ठेवायची, हा माझ्या आईचा नेम. मुलगा इथे शिकत होता तोवर मी एक पेपर चुकवला नव्हता. सकाळी लवकर न्हाऊन, इरकल नेसून, वाटी-चमचा घेऊन मी पुढच्या दारात उभी राहिले. मुली निघतील, “येतो, आजी” म्हणतील, मी तिघींच्या तळहातावर दही घालीन.

बोळाकडून जीपचा आवाज आला. कंधारचीचे वडील न्यायला आले असावेत. दारं लागली, आवाज लांब गेला. मी तशीच उभी. कुठल्या दारातून निघायचं हे त्यांना कोणी शिकवलं होतं, ते माझ्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला.

वाटी घेऊनच बोळात गेले. दाराला कुलूप. त्या पायऱ्या बांधून घेतल्यापासून मी एकदाही उतरले नव्हते. शेवटच्या पायरीवर बसले. शहाबादी अजून गार होती. तिथे बसून सगळं दही मीच खाल्लं आणि कुठेही गेले नाही.

संध्याकाळी माझी बेल वाजली. दारात कंधारची, हातात पेढ्यांचा पुडा. परक्यासारखी उंबऱ्याबाहेर उभी.

“कसा गेला पेपर?”

“बरा गेला, आजी.”

“निघताना सांगून जायची पद्धत असते,” मी म्हणाले. आवाज कडक काढला होता. “दही घेऊन उभी होते मी.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग खाली. पुडा डाव्या हातात घेतला आणि उजवा तळहात पुढे केला. दही संपलं होतं. तसं सांगितलं, कुणी खाल्लं तेही सांगितलं. ती हसली नाही. हात मात्र तिने मागे घेतला नाही.

“आजी,” ती म्हणाली, “आमच्या दाराला बेल तुम्हीच तर बसवून दिलाव. एकदा तरी वाजवायची होती की.”