गाभोळीचा पारखी

रोहेकर आडनावाची बेने इस्रायली ज्यू माणसं जगात कुठंही भेटतील. इस्रायलातल्या अश्दोदला भेटतील, लंडनला भेटतील, ठाण्यात तर हाकेला ओ देतील. भेटायची नाहीत ती फक्त रोह्यात. १९९६ साली गावात एकच रोहेकर उरला होता, तो म्हणजे आरोनकाका. बायको डेबोरा वारली होती, लेक तामार नवऱ्याबरोबर इस्रायलला गेली होती, आणि भाऊबंद तर त्याच्याही आधी. शुक्रवारी दिवस बुडायच्या आत काका मेजावर पांढरी चादर अंथरत, शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लावत आणि प्रार्थना म्हणत. एकट्याच्या घरात आपलाच आवाज फार मोठा वाटतो, म्हणून ते हळूहळू पुटपुटायला लागले होते.

काकांनी धाटावच्या एका कंपनीत, रंगखात्यात बावीस वर्षं काढली. नमुना उजेडात धरून ‘थेंबभर लाल जास्त पडलाय’ असं सांगणारा डोळा. निवृत्तीनंतर असला डोळा घेऊन माणसानं करायचं काय? पण नशीब बघा, पेणची मृणाली नावाची मुलगी कुंडलिकेच्या काठी टाक्या बांधून संशोधनाला आली. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीच्या पोटात अंडी कशी पिकतात, त्यातला बलक कुठून येतो, हा तिचा विषय. आधीच्या दोन मदतनिसांनी टाकीतल्या कोळंब्या घरी नेऊन संशोधनाचं कालवण केलं होतं. मग मदतीला घेतलेल्या आरोनकाकांच्या बाबतीत ती धास्तीच नव्हती.

“खवलं नाय ती मासळी आमच्यात चालत नाय, बाई,” पहिल्याच दिवशी ते म्हणाले. “तुमचं कुंपण शेत खायचं नाय.”

काम डोळ्याचंच होतं. कोळंबीचं कवच काचेसारखं, त्यातून पाठीकडची गाभोळी, म्हणजे अंड्यांचा पुंजका, दिसते. आधी पांढरट, मग पिवळी, आणि पूर्ण पिकली की गर्द नारिंगी. काका मादी ओंजळीत घेत, एकदा बघत आणि बादलीवर खडूनं एक ते पाच असा आकडा टाकत. मृणाली बारीक सुईनं तिचं रक्त काढून बलकाचं प्रथिन मोजी. आकडा आणि मोजमाप बरोबर जुळे.

“हे प्रथिन बहुतेक अंड्यात होतच नाही, काका,” ती सांगायची. “आईच्या यकृतात तयार होतं आणि रक्तातून गाभोळीत जाऊन साठतं. पोर बाहेर येईपर्यंत त्यावरच जगतं.”

“म्हंजे आई आधीच डबा बांधून ठेवते,” काका म्हणायचे, आणि दिवसभर खुशीत असायचे.

दर शुक्रवारी चार वाजता तामारचा फोन एसटीडी बूथवर यायचा. “बाबा, आता इकडे या. कागद भरायचे म्हणजे वेळ लागतो.” काकांचं उत्तर ठरलेलं. “इथलं काम माझ्यावाचून अडतं गो.” ते खोटं नव्हतं, आणि ते म्हणताना त्यांची मान जराशी ताठ व्हायची. त्या एका वाक्यावर त्यांचं रोह्यातलं राहणं उभं होतं.

गणपती झाले. भाद्रपदात चादर पिवळी दिसायला लागली. काकांनी ती साबणानं धुतली, मग निळीत बुडवली. तरी पिवळीच. तिसऱ्यांदा बुडवून दोरीवर घातली तेव्हा शेजारच्या गिरजाबाई कुंपणाशी येऊन हसायला लागल्या.

“आरोनभाऊ, चादर हाय का आभाळ? निळीचा डबा वतला का काय?”

काका चादरीकडे बघत राहिले. पिवळी दिसत होती. मग त्यांनी स्वतःचा सदरा बघितला, गिरजाबाईंच्या दारातला चुना बघितला. सगळंच पिवळं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि गेले कित्येक महिने ते पिवळ्या काचेतून जग बघत होते. म्हणजे टाकीतल्या कच्च्या माद्यासुद्धा त्यांना पिकलेल्या दिसत होत्या.

गप्प बसता आलं असतं. मोह झालाच, खोटं कशाला सांगा. रात्र त्यांनी कूस बदलत काढली. पण नासलेला रंग पुढे ढकलणारा माणूस नव्हता तो. सकाळी टाकीवर जाऊन खडू मृणालीसमोर ठेवला.

“बाई, मला रंग कळेनासा झालाय. माझे आकडे धरू नका. तुमचं काम नासलं असंल तर...”

मृणालीनं हातातली सुई खाली ठेवली. “नाही नासलं, काका. जूनपासून मी तुमचे आकडे धरत नाही. मोजमाप जुळेना तेव्हाच कळलं. तुम्हाला सांगायला जीभ रेटली नाही.”

जून, जुलै, ऑगस्ट, आणि आता सप्टेंबर. काकांनी मनात मोजले. इतके महिने आपण रोज सकाळी टोपी घालून निघत होतो आणि आपल्यावाचून कुणाचंही अडत नव्हतं. मुलीनं चांगुलपणानंच केलं होतं, म्हणून तिच्यावर रागावताही येईना. ते “बरं” म्हणाले आणि सवयीनं टाकीतलं पाणी बदलायला गेले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. काका बूथवर गेले. तामारनं नेहमीचंच विचारलं. काकांना नेहमीचं उत्तर देता येईना. शेवटी रागच बाहेर आला.

“यिऊन करू काय? तुझं तरी माझ्यावाचून काय अडलंय गो?”



“काय नाय अडलं, बाबा,” तामार म्हणाली. “पोरं मोठी झाली, घर चाललंय. काय सुद्धा नाय अडलं. तरी या.”

उभ्या जन्मात आरोनकाकांना कुणी काही काम नसताना बोलावलं नव्हतं. त्यांनी बूथवाल्याकडे पाठ केली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. “कागद धाड,” ते म्हणाले. पण आवाज फुटला नाही, म्हणून त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं.